पुनवेकडे जाणारे चाळीस दिवस

उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या माणसाला ईस्टर जवळ आल्याचं समुद्र सांगतो. वसंतात दिवस आणि रात्र सारखे झाले की त्यानंतरची पहिली पुनव धरायची आणि तिच्या पुढचा रविवार मोजायचा. ख्रिस्तसभेने आपला सगळ्यात मोठा सण असा चंद्राच्या हवाली केलेला आहे. शेजारच्या करंजाच्या कोळ्यांना हा हिशेब समजावून द्यावा लागत नाही. पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. येशूच्या मरणाचा शुक्रवार त्या उधाणाच्या आगेमागे येतो आणि पाणी भांगाकडे ओसरू लागलं की त्याच्या उठण्याचा रविवार.

त्याच चंद्रावरून मागे मोजत गेलं की उपवासकाळाचा आरंभ सापडतो. ईस्टरच्या आधी सेहेचाळीस दिवस राखेचा बुधवार. मधले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून उरतात चाळीस. येशू रानात उपाशी राहिला ते दिवसही चाळीसच. सेहेचाळीस दिवस म्हणजे चंद्राचे साधारण दीड फेरे, त्यामुळे राखेचा बुधवार नेहमी अमावास्येच्या आसपास किंवा तिच्यानंतर चार-पाच दिवसांत पडतो. काळोखात कपाळाला राख लागते. मग चंद्र वाढतो, एक पुनव होऊन जाते, पुन्हा काळोख येतो, आणि दुसऱ्या पुनवेपाशी क्रूस उभा राहतो. बहुतेक वर्षी यातली पहिली पुनव होळीची असते आणि दुसरी हनुमान जयंतीची. 2026 साली तर हनुमान जयंती आणि ईस्टरच्या आधीचा पवित्र गुरुवार एकाच दिवशी, 2 एप्रिलला. संजीवनीसाठी डोंगर उचलून नेताना हनुमंताच्या हातून एक तुकडा इथे पडला आणि तोच हा द्रोणागिरी, असं इकडची माणसं सांगतात. त्या डोंगराखाली त्याच पुनवेच्या संध्याकाळी धर्मगुरू गुडघे टेकून बारा जणांचे पाय धुतो. मला यात योगायोगापेक्षा शेजारधर्म जास्त दिसतो.

मी मूळचा वसईचा. नोकरीने खाडी ओलांडून इकडे आणलं. वसईत उपवासकाळ सगळ्या गावाचा असतो, घराघरातून जाणवतो. इथे द्रोणागिरीच्या सेक्टरांमध्ये तसं नाही. एका मजल्यावर आगरी कुटुंब, शेजारी बिहारचं, समोर केरळचं. खाली रात्रंदिवस न्हावा-शेव्याच्या बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर. 12 जानेवारी 2024 रोजी लोकल उरणपर्यंत आली, द्रोणागिरी नावाचं स्टेशनही झालं, आणि त्याच वर्षी 14 फेब्रुवारीला राखेचा बुधवार होता. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन गाडीत बसलेला माणूस या मार्गावर तोवर कोणी पाहिला नव्हता. शेजारच्या बाकावरून प्रश्न आला, कुठल्या देवळाची विभूती? मी म्हटलं, चर्चची. विचारणाऱ्या काकांनी मान हलवली. त्यांना पुढे काही विचारायचं नव्हतं. राख कपाळाला का लावतात हे या मातीत कोणाला नव्याने सांगावं लागत नाही.

ही राख येते कुठून हे मात्र सांगण्यासारखं आहे. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, आशीर्वाद देऊन वाटलेल्या झावळ्या वर्षभर घरात क्रुसामागे, तसबिरीमागे खोचलेल्या असतात. त्या वाळतात, पिवळ्या पडतात. मग त्या चर्चमध्ये परत द्यायच्या, तिथे त्या जाळतात आणि त्यांची राख होते. म्हणजे ज्या पानाने येशूचा जयजयकार केला तेच पान पुढल्या वर्षी आपण माती आहोत हे सांगायला कपाळावर येतं.

उपवासकाळाची उपासना मला आवडते, ती काय काय काढून घेते त्यासाठी. आधी आलेलुया जातो. चाळीस दिवस तो शब्द उच्चारायचा नाही. मग ग्लोरिया हे स्तुतिगीत जातं. वेदीवरची फुलं जातात. पाचव्या रविवारपासून जुन्या वळणाच्या चर्चमध्ये पुतळे आणि क्रूस जांभळ्या कापडाखाली झाकतात, म्हणजे डोळ्यांचाही उपवास. पवित्र गुरुवारी ग्लोरिया एकदा परत येतो, घंटा खणखणून वाजतात, आणि नंतर थेट शनिवारच्या रात्रीपर्यंत गप्प होतात. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर वेदीवरचं कापडसुद्धा उतरवतात. घंटेच्या जागी लाकडी खटका येतो. त्याचा कोरडा खडखडाट लहानपणी मला घाबरवायचा आणि अजूनही अंगावर येतो, कारण त्यात नाद नाही. लाकडावर लाकूड आपटतं तेवढंच ऐकू येतं. त्या दिवसांत त्याहून वेगळं काही ऐकू यावं असं मलाही वाटत नाही.

घरातही काढून घेणं चालू असतं. पूर्वीचे नियम कडक होते. 1966 साली पोप सहावे पॉल यांनी ते सैल केले. आता सक्तीचा उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, आणि मांस वर्ज्य ते राखेच्या बुधवारी आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी. मासे चालतात. पण किनाऱ्यावरच्या माणसाला मासे चालतात म्हणणं ही काही मोठी शिक्षा नव्हे, हे आमच्या आजीला पक्कं ठाऊक होतं. ती शुक्रवारी ताजी मासळी घरात येऊ देत नसे. पेज आणि सुक्या बोंबलाचा तुकडा, बस्स. गुड फ्रायडेला तोही नाही. वाचलेले पैसे डब्यात जात आणि डबा गरिबांकडे. उपवास पोटाचा असला तरी त्याचा हिशेब शेजाऱ्याच्या पोटापर्यंत पोचला पाहिजे, हा जो चर्चचा आग्रह आहे, तो तिला कोणत्याही प्रवचनाशिवाय समजलेला होता.

शुक्रवार क्रुसाच्या वाटेचा. भिंतीवर चौदा चित्रं, त्या क्रमाने थांबत थांबत जायचं. ही वाट जगभर रुजवली फ्रान्सिस्कन साधूंनी. जे येरुशलेमला जाऊ शकत नाहीत त्यांना आपल्या गावातच ती वाट चालता यावी, हा विचार. 1731 साली पोप बारावे क्लेमेंट यांनी थांबे चौदा ठरवून दिले. आमच्या किनाऱ्यावरही हेच साधू होते. द्रोणागिरीच्या माथ्यावर आजही पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. 1731नंतर आठच वर्षांनी, 1739मध्ये वसई पडली, करंजाही त्याच सुमारास मराठ्यांकडे आलं, आणि पुढे 1782च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे गेलं. एवढ्या उलथापालथीत डोंगरावरचं चर्च मोडलं. खाली लोकांनी क्रुसाची वाट सोडली नाही.

या चौदा थांब्यांपैकी काही शुभवर्तमानात नाहीतच. येशू तीनदा पडला असं चार शुभवर्तमानकारांपैकी कोणीही लिहिलेलं नाही. गर्दीतून पुढे होऊन त्याचा चेहरा पुसणारी वेरोनिकाही तिथे नाही. ती लोकांनी आणली. त्या रस्त्यावर एक तरी बाई पुढे झाली असणार, असं शेकडो वर्षं लोकांना वाटत राहिलं आणि त्यांनी तिला एक थांबा दिला, सहावा. काही अभ्यासकांना असे थांबे खटकतात. मला तर सहाव्या थांब्यापाशी सगळ्यात जास्त वेळ उभं राहावंसं वाटतं. शिपायांच्या कड्यातून घुसून तिने फक्त चेहरा पुसला. क्रूस उचलणं तिच्या हातात नव्हतं, शिक्षा थांबवणं नव्हतं. हातात कापड होतं. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्या आहेत, त्यांच्याही हातात तेवढंच असतं.

झावळ्यांच्या रविवारी एक गोष्ट घडते, तिची मला अजून सवय झालेली नाही. सकाळी अंगणात सगळे जमतात, हातात झावळ्या, होसान्ना म्हणत चर्चमध्ये शिरतात. लहान मुलांना तर तलवारी मिळाल्यासारखं होतं. अर्ध्या तासात येशूच्या दुःखसहनाचं वाचन सुरू होतं. वाचणारे वेगवेगळे असतात, एक निवेदक, एक येशू, एक त्याचा न्याय करणारा पिलात. जमावाची वाक्यं मात्र आपल्याला म्हणायची असतात. पिलात विचारतो, आणि ज्या तोंडाने आत्ता जयजयकार केला त्याच तोंडाने आपण त्याला क्रुसावर द्या म्हणतो. झावळी अजून हातात असते. या रचनेपुढे मी कुठलंही नाटक ठेवू शकत नाही. इथे बघ्यांची जागाच नाही. 2024 साली हा रविवार 24 मार्चला आला आणि त्याच रात्री होळी होती. सकाळी चर्चच्या दारात नारळाची झावळी, रात्री कोळीवाड्यात होळीची ज्वाळा. शेजारच्या मुलाने माझ्या हातातली झावळी पाहून ती होळीसाठी मागितली. मी त्याला दुसरी आणून दिली. हातातली माझी पुढल्या वर्षीच्या राखेची होती.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. उपवासकाळ हा पोर्तुगिजांनी आणलेला, लॅटिनमध्ये बांधलेला, आपल्याला परका असलेला सोहळा आहे असं अनेकांना वाटतं, आमच्यातल्याही काहींना. मिस्सा लॅटिनमध्ये होती हे खरं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1965च्या पुढे, ती मराठीत येऊ लागली. पण येशूचं मरण या किनाऱ्याने मराठीत गायलं ते त्याच्या साडेतीनशे वर्षं आधी. फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडमधून निघून 1579मध्ये गोव्यात उतरले. त्यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातल्या राशोलला छापून निघालं. दहा हजारांहून जास्त ओव्या, रोमी लिपीत, पण भाषा मराठी आणि बांधणी पुराणाची. त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही. पुढे 1649 आणि 1654मध्ये ते पुन्हा छापलं गेलं, नंतर पोर्तुगीज राजसत्तेने लोकांच्या भाषेवर बंदी आणली, तरीही हस्तलिखितांतून ते राहिलं. 1907मध्ये मंगळुरात जोसेफ साल्ढाना यांनी ते संपादून छापलं, आणि 1956मध्ये शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणलं.

आमच्या उत्तर कोकणाचं आणखी एक पुराण आहे, त्याची आठवण तर फारच कमी लोकांना आहे. पाद्री फ्रान्सिस्कू व्हाझ द गिमारायश यांनी 1659च्या सुमारास येशूच्या दुःखसहनाची आणि मरणाची कथा ओवीत लिहिली, वसई-साष्टीच्या माणसांच्या तोंडच्या बोलीत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत ते पुन्हा छापलं गेलं, म्हणजे तोवर ते म्हणणारे आणि विकत घेणारे होते. ग्रंथाचा विषयच येशूचं मरण असल्यावर ते कोणत्या दिवसांत म्हटलं जात असेल हे सांगायला नको. पंढरीच्या वाटेवर चालते तीच ओवी, जात्यावर बसते तीच ओवी, गेथशेमानेच्या बागेतही गेली. ज्या रात्री येशूने तिथे प्रार्थना केली ती ज्यूंच्या वल्हांडण सणाची, म्हणजे पुनवेची रात्र होती. बागेत चांदणं असणार आणि झोपलेल्या शिष्यांचे चेहरे त्याला दिसत असणार. ही गोष्ट मला टीकाग्रंथ वाचून नव्हे, करंजाच्या बंदरावर उधाणाच्या रात्री उभं असताना लक्षात आली.

आज आपल्याकडे चांगलं मराठी बायबल आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ घराघरांत आहे, त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि 2020च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मिस्सा मराठीत आहे, गाणी मराठीत आहेत. तरी उपवासकाळात घरी बसून ओव्या म्हणण्याची रीत जवळजवळ गेली. शुक्रवारी क्रुसाच्या वाटेला जाणारी मुलं घरी येऊन मोबाइलवर इंग्रजी भक्तिगीतं ऐकतात. त्यांची चूक नाही. त्यांच्या कानावर दुसरं काही पडलंच नाही.

म्हणून माझं एक मागणं आहे, कॅथलिक वाचकांकडे आणि इतरांकडेही, कारण ख्रिस्तपुराण साऱ्या मराठीचं आहे. ते ग्रंथालयात मिळतं. येत्या राखेच्या बुधवारपासून रोज संध्याकाळी दहा ओव्या मोठ्याने वाचा, दुःखसहनाच्या भागातल्या. जुनी भाषा पहिल्या दोन दिवसांत अडेल, तिसऱ्या दिवशी तोंडात बसेल. मुलं इकडेतिकडे करत असली तरी वाचा, ती ऐकत असतात. आणि तुमच्या घरात, वसईत, उत्तनला, कोर्लईत, उरणला, उपवासकाळातली जुनी चाल आठवणारं एखादं म्हातारं माणूस असेल, तर याच वर्षी त्याच्यापुढे बसा, त्याला गायला सांगा आणि ती चाल उतरवून घ्या.