मळवलीच्या वाटा

हवापालटासाठी लोणावळ्यास जाणारी मंडळी बहुधा दोन प्रकारची असतात : एक चिक्की घेऊन परतणारी, आणि दुसरी चिक्की विसरल्याबद्दल वाटेत हळहळणारी. गेल्या मार्गशीर्षात प्रस्तुत लेखकाचा तेथे महिनाभर मुक्काम पडला, तो मात्र या दोहोंपैकी कोणत्याही पंथात सामील होण्यासाठी नव्हे. भाद्रपदात मला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. औषधोपचार यथास्थित झाले, आणि ‘रोज चाला, प्रथम सपाटीवर, मग बेताच्या चढावर, आणि छातीत जरा काही वाटले तर तेथेच थांबा’ एवढा उपदेश करून डॉक्टरांनी मला हिच्या स्वाधीन केले.

पहिले आठ दिवस आम्ही गावातच फिरलो. परंतु मोटारींच्या रांगेतून वाट काढीत चालणे हा काही प्रकृतीस हितकर व्यायाम नव्हे. नवव्या दिवशी सकाळी पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने एकच स्टेशन पुढे, मळवलीस, उतरलो. वाचकांपैकी ज्यांना गर्दीचा उबग आला असेल त्यांनी हा एक स्टेशनाचा प्रवास अवश्य करावा. दक्षिणेस भाजे, उत्तरेस कार्ले. दोन्ही लेणी पायी जाण्याजोग्या अंतरावर.

भाजे कोस-सव्वाकोसावर. द्रुतगती मार्गाचा घोंघाट मागे पडला आणि भाताची कापणी झालेली खाचरे दिसू लागली. खळ्याशेजारी पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, समोर लोहगड आणि विसापूर. गाव ओलांडताच विसापूरच्या पायथ्याशी पायऱ्यांची वाट लागते. ही पायऱ्या मोजीत होती, मनातल्या मनात. परंतु ओठ हलत असल्यामुळे मला ते कळत होते.

निम्म्या चढावर माझा श्वास अपुरा पडू लागला. मी थांबलो, काठीवर रेललो आणि खालच्या देखाव्याची स्तुती आरंभिली. रेल्वेचे रूळ, हिरव्या झाडीचा तो पट्टा, निळसर डोंगर इत्यादी. हिने शांतपणे ऐकून घेतले.

“अहो, देखावा पाहता आहात, की दम खाता आहात?”

“देखावा,” मी म्हणालो.

“त्या रात्रीही तुम्ही आम्लपित्तच म्हणाला होतात.”

त्यावर मजजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री दोन तास मी कळ सोसली होती. हिला उठवायचे नाही, मुलांना घाबरवायचे नाही, असे स्वतःस बजावीत. त्या दोन तासांविषयी तीन महिन्यांत हिने अवाक्षर काढले नव्हते. ते तिने पायरीवर उभी राहून काढले, आणि मग पदराने घाम टिपून पाण्याची बाटली माझ्या हाती दिली.

वर पोहोचल्यावर भाज्याचे चैत्यगृह एकदम समोर येते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील हे काम. आपल्याकडील अगदी प्राचीन लेण्यांपैकी एक. दर्शनी बाजूस एके काळी लाकडी बांधणी होती, ती नष्ट झाल्यामुळे आज आतील सारे उघडे दिसते. सत्तावीस अष्टकोनी खांब, मधोमध साधा स्तूप. शिल्पाचे अवडंबर या चैत्यात जवळजवळ नाही.

“खांब कललेले आहेत,” ही म्हणाली.

खरोखरच ते आत कललेले आहेत. मी शिकवण्याची सवय सुटलेली नसलेला मास्तर. लगेच सांगू लागलो. लाकडी घरात छपराचा रेटा बाहेर येतो, म्हणून सुतार खांब किंचित आत झुकवीत. येथे सारेच एका कातळातून कोरलेले. रेटा नाही, गरजही नाही, तरी हात जुन्या वळणाने चालला. छताच्या कमानीला तर लाकडी फासळ्या खऱ्याच बसविलेल्या आहेत आणि सुमारे बावीसशे वर्षांनंतरही त्यांपैकी पुष्कळ जागच्या जागी आहेत. त्यांच्यावर कशाचाही भार नाही.

“भार नाही हे खांबांना कोणी सांगितले नाही वाटते,” एवढेच ती म्हणाली.

तेथून थोड्या अंतरावर चौदा स्तूपांचा समूह आहे. पाच कातळाच्या आत, नऊ उघड्यावर. येथील स्थविरांचे हे स्मारक. अंपिनिक, धम्मगिरि, संघदिन अशी नावे त्यांवर कोरलेली आढळली आहेत. त्यांच्यासमोर आम्ही बसलो. भोवती कोणी नव्हते. वर कोठे तरी एक घार, आणि खालून मधूनच गाडीची शिटी.

“दम लागला होता,” मी म्हणालो. “दुखले नाही.”

“खरे?”

“खरे.”

“मग तसे सांगावे. मी काही तुम्हाला पाठुंगळी घेणार नव्हते, पण सांगावे.”

मी सांगेन, असे कबूल केले. पुढे विहारात जाऊन रथातील सूर्य आणि ऐरावतावरील इंद्र पाहिले. विद्वानांत त्या मूर्तींच्या अर्थाविषयी मतभेद आहेत. आम्ही त्या दिवशी त्यांना सूर्य आणि इंद्रच मानून नमस्कार केला.

कार्ल्यास जाण्यास आणखी दोन आठवडे गेले. तेथे एकांत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. चैत्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ असल्यामुळे कोळी-आगरी भक्तांची रीघ असते. नारळ, फुले, ताशे आणि ‘आई माउलीचा उदो!’. परंतु तीनशेंवर पायऱ्या चढताना मला ही गर्दीच मानवली. ‘थांबतो’ असे मी मोठ्याने म्हणे, आणि थांबे. एकदा एका कोळी म्हातारीने, “बस बाबा, आई काय पलून जाते?” असे म्हणून आपली टोपली बाजूला सारून मला जागा करून दिली.

चैत्य मात्र आत शिरताच मनुष्यास गप्प करतो. लांबी सुमारे १२४ फूट, खांब ३७, स्तूपावर आजही लाकडी छत्र. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले, असे लेख सांगतो. परंतु मला अधिक ओढ वाटली ती एकेका खांबाच्या दात्यांची. कोणी धेनुकाकटचा यवन; कोणी भिक्षू. द्वाराच्या लेखांत एका गंधविक्याचे नाव आहे आणि सामी नावाच्या सुताराचेही. स्तूपामागील सात खांब अगदी साधे आहेत. ही त्यांच्यापाशीच बराच वेळ रेंगाळली.

परतण्याच्या आदल्या दिवशी औषधाच्या डब्यात मला डॉक्टरांची जुनी चिठ्ठी सापडली. तिच्या पाठीवर हिच्या हस्ताक्षरात ‘भाजे’ लिहून पुढे दोन आकडे होते. खाली ‘कार्ले’, पुन्हा दोन आकडे. पहिला पायऱ्यांचा, दुसरा मी किती वेळा थांबलो त्याचा. त्याखाली ‘बेडसे’ एवढाच शब्द होता, आणि त्यापुढील जागा रिकामी होती.