संगणकावरचा परवचा

आमच्या लहानपणीं दिवेलागण झाली कीं हातपाय धुऊन देवापुढें ओळीनें बसावयाचें आणि परवचा म्हणावयाचा, असा परिपाठ असे. पाढे, तिथि, नक्षत्रें, महिने हें सारें एका सुरांत म्हटल्यावांचून पानावर बसावयास मिळत नसे. तो परवचा घराघरांतून केव्हां नाहींसा झाला, हें कोणास कळलेंहि नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरीं तो निराळ्या रूपानें परत आला आहे, आणि तोहि संगणकावर!

सूनबाई कचेरींतून आल्या, चहापाणी झालें, कीं नातवंडें संगणकाभोंवतीं जमतात. पडद्यावर रोज दहा प्रश्न येतात. प्रत्येकाखालीं चार उत्तरें, त्यांतील एक खरें. थोरल्या वहिनीहि जपमाळ बाजूस ठेवून येऊन बसतात. आम्हीं प्रथम या खेळास नांवेंच ठेविलीं. चारांतून एक टिपणें ही विद्या नव्हे, ती सोडतीची चिठ्ठी, असें आमचें मत होतें.

पुढें विचार करतां वाटलें, प्रश्नोत्तरांची रीत आपणांस परकी थोडीच आहे? प्रश्नोपनिषदांत सहा जिज्ञासु हातीं समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे जातात. ऋषि त्यांस आधीं एक वर्ष व्रतस्थ राहावयास सांगतात, मग प्रश्न विचारा म्हणतात. संगणक तेवढा थांबवीत नाहीं, इतकाच भेद! आधुनिक मानसशास्त्रहि या रीतीच्या बाजूचें आहे. रोडिगर व कार्पिके या दोन अमेरिकन संशोधकांनीं २००६ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. धडा पुनःपुन्हां वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस पांच मिनिटांनीं अधिक आठवलें. पण आठवडा लोटल्यावर, ज्यांनीं पुस्तक मिटून स्वतः आठवून लिहिलें होतें, तेच सरस ठरले. आमच्या आजोबांचा परवचा याहून निराळा काय होता?

शिवाय एका उत्तरामागून दुसरी गोष्ट निघते. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ कोणी काढला, याचें उत्तर धाकट्या नातवानें चटकन् दिलें. पण दादासाहेब फाळके १८७० सालीं आपल्या त्र्यंबकेश्वरीं जन्मले, हें त्यास ठाऊक नव्हतें. त्या रात्रीं जेवतांना फाळक्यांवांचून दुसरा विषय निघाला नाहीं.

असें चाललें असतां एके दिवशीं प्रश्न आला : चंद्रावरून नुसत्या डोळ्यांनीं दिसणारी मानवनिर्मित वस्तु कोणती? आम्हीं मोठ्या अधिकारानें सांगितलें, “चीनची भिंत. आम्हीं तीस वर्षें हेंच शिकविलें आहे.” नातवानें तेंच दाबलें, आणि पडदा लाल झाला. खरें उत्तर होतें, ‘यांपैकीं कोणतीहि नाहीं.’

आम्हीं कागदपेन्सिल घेतली. चंद्र सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर. भिंतीची रुंदी साधारणपणें पांच-सात मीटर. म्हणजे तीन किलोमीटरांवरून डोक्यावरचा एक केस पाहण्यासारखेंच तें! चंद्राची गोष्ट सोडाच. २००३ सालीं चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेई पृथ्वीप्रदक्षिणा करून परतला, त्यानेंहि आपणांस भिंत दिसली नाहीं, असेंच सांगितलें.

पेन्सिल खालीं ठेवितांना आम्हांस एकाएकीं १९८७ सालचा सातवीचा वर्ग आठवला. आम्ही नुकतेच नोकरीस लागलों होतों. हेंच वाक्य आम्हीं फळ्यावर लिहिलें, तों मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, संक्रांतीला पतंग दिसतो, पण मांजा कितीही लांब असला तरी दिसत नाही. मग भिंत कशी दिसेल?” वर्ग हंसला. आम्हांस तें उद्धटपणाचें वाटलें. आम्हीं त्यास तास संपेपर्यंत बाकावर उभें केलें. त्यानंतर वर्षभर त्यानें आमच्या तासाला एकहि प्रश्न विचारला नाहीं. तेव्हां आम्ही समजलों, मुलगा सुधारला!

नातवास ही हकीकत सांगितली. तो कांहीं वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “आजोबा, म्हणजे त्याला येत होतं, आणि तुम्हांला येत नव्हतं.” सूनबाईंनीं त्यास डोळ्यांनीं दटावलें. आम्हीं म्हटलें, “राहूं द्या. तो खरें तेंच बोलतो आहे.”

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं घरांत एक नियम घातला आहे. उत्तर बरोबर येवो वा चुको, ‘कशावरून?’ हा अकरावा प्रश्न मुलांनीं आम्हांस विचारावयाचा. न सांगतां आलें, तर सर्वांनीं मिळून शोधावयाचें. यामुळें जेवणास उशीर होतो, अशी वहिनींची तक्रार आहे. ती खरी आहे.

तो मुलगा आतां पन्नाशीच्या घरांत असेल. त्याच्या घरीं हें मासिक जात असल्यास त्यास इतकेंच कळवावयाचें, कीं त्या दिवशीं त्याचें बरोबर होतें, आणि बाकावर उभें राहावयास हवें होतें तें आम्हीं.