नशिराबादेतला समुद्र

नशिराबादहून समुद्र लांब. जवळचं स्टेशन भादली, जवळची नदी वाघूर. पण हीच वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांखालून येते, तापीला मिळते, आणि तापी सुरतेपुढे समुद्राला. समुद्रापलीकडून आमच्या घरांत येऊन राहिलेलं बरंच काही आता निघून चाललंय. त्याची ही यादी.

जहाज. अजिंठ्याचं दुसरं लेणं, साधारण पाचवं शतक. सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा. तीन डोलकाठ्या, ओळीने मांडलेले रांजण. रंग विरत चाललाय.

मर्तबान. आमच्याकडे लोणच्याची बरणी, मोहल्ल्यात मर्तबान. ब्रह्मदेशातल्या बंदराचं हे नाव. चौदाव्या शतकात इब्न बतूताने अशाच मर्तबानांत मीठ लावलेलं आलं, मिरी, लिंबं आणि आंबे भरलेले पाहिले; समुद्रप्रवासाची शिदोरी. आता लोणचं प्लास्टिकच्या डब्यात मुरतं.

ऊद. सुमात्राच्या झाडाचा डिंक. अरब त्याला ‘लुबान जावी’ म्हणत. आपला लोबान त्यातलाच. बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यावर टाकायचे. आता घरात निखाराच नसतो.

कवडी. मालदीवची. कधीकाळी नाणं, मग सारीपाटावर, भुत्याच्या माळेत. ‘फुटकी कवडी देणार नाही’ म्हणणाऱ्या पोरांनी कवडी हातात धरलेली नाही.

देशी कापूस. हा इथून जाणारा. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोचहून सुती कापड जहाजांवर चढत असल्याची आणि पैठण-तेरचा माल गाड्यांनी भडोचला येत असल्याची नोंद आहे. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. आता आखूड धाग्याची देशी कपाशी शिवारात शोधावी लागते.

सहाण. बाळगुटी उगाळायची. आजी वेढे मोजायची. हळकुंडाचे दोन, जायफळाचा एकच. जास्त झालं तर लेकरू गुंगतं, म्हणायची. जायफळाचं झाड शतकानुशतकं फक्त बांदा बेटांवर होतं. तिथून इतक्या लांब येऊन ते आमच्या बाळांच्या जिभेवर पडायचं. आता गुटी बाटलीत मिळते.

आजीची सहाण माझ्याकडे आहे. मधोमध झिजून खोलगट झालेली, बोट फिरवलं की कळतं. पुतणीला मुलगी झाली तेव्हा ती धुऊन, पुसून तिच्या हातात दिली. जायफळाचा वेढा एकच, हेही सांगितलं.