साहेबांच्या मनात काय होतं?

फिनोलेक्स समूहाचे संस्थापक प्रल्हाद छाब्रिया गेले ते 5 मे 2016 रोजी, पुण्यात. वय 86. रत्नागिरीत ते दिवस हापूसचे. पेट्या भरायच्या, गाड्या गाठायच्या, पावसाच्या आत बाग उतरवायची. या धांदलीत जिल्ह्याला मान वर करायची सवड नसते. तरीही रनपारच्या फिनोलेक्स कारखान्यात, गोळप-पावसच्या वाड्यांमध्ये आणि मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या इंजिनिअरिंग कॉलेजात त्या दिवशी एकच वाक्य तोंडातोंडी झालं असणार: साहेब गेले.

कर्ता माणूस गेला की तेराव्यानंतर घरात एक प्रश्न उठतो. त्यांच्या मनात काय होतं? कोकणाला हा प्रश्न पाठ आहे. सातबाऱ्यावर चाळीस नावं असलेलं एक तरी घर प्रत्येक वाडीत असतं. आजोबांनी खळ्यात बसून कुणाला तरी शब्द दिलेला असतो, तो दुसऱ्या कुणी वेगळा ऐकलेला असतो, आणि तेवढ्यावर दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. तोवर माजघराचे वासे वाळवी खाते आणि कलमांवर बांडगुळं चढतात. आजोबांना हेच हवं होतं का, असं दोन्हीकडचे लोक एकमेकांना विचारतात, आणि उत्तर देऊ शकणारा एकटाच माणूस तसबिरीत असतो.

छाब्रियांच्या मागेही हेच झालं. फिनोलेक्स उभी केली दोन भावांनी, प्रल्हाद आणि किशन यांनी. पुढच्या पिढीत, म्हणजे मुलगा आणि पुतण्या यांच्यात, समूहाच्या ताब्यावरून वाद झाला. फिनोलेक्स केबल्सचा सुमारे 30 टक्के हिस्सा ज्या ऑर्बिट इलेक्ट्रिकल्स या कंपनीकडे आहे, तिचे शेअर कुणाचे, प्रल्हादजींनी अखेरच्या काळात केलेल्या बक्षीसपत्राचं काय, यावर वर्षानुवर्षं वकील उभे राहिले. 2023 मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कोण बरोबर, कोण चूक हे न्यायालय ठरवील. मला त्यात पडायचं नाही. माझं मन अडकतं ते दुसरीकडे. एका माणसाची शेवटची इच्छा शोधायला इतके हुशार लोक इतकी वर्षं कागद चाळत राहिले. त्याच माणसाची इच्छा रनपारला, गोळपच्या सड्यावर, समुद्राकडे तोंड करून, काँक्रीट आणि पोलादात उभी आहे.

त्यांचा जन्म 12 मार्च 1930 चा, कराचीतला. त्या वर्षी कराची आणि रत्नागिरी दोन्ही एकाच मुंबई इलाख्यात होती. सिंध वेगळा झाला तो 1936 मध्ये. वडील लवकर गेले, भरलं घर रिकामं झालं, आणि शाळेच्या वयाचा मुलगा कापडाच्या दुकानात पडेल ते काम करू लागला. 1945 मध्ये तो पुण्याला आला. नोकरी केली, हरकाम्या म्हणून राबला. दोन वर्षांनी फाळणी झाली आणि परत जायचं गावच सरहद्दीपलीकडे गेलं. मग इलेक्ट्रिकच्या वायरींचं छोटं दुकान, मग लष्कराच्या वाहनांसाठी वायरिंगच्या जोडण्या, आणि 1958 मध्ये मोटारगाड्यांच्या वायरी करणारा छोटा कारखाना. शाळा अर्धी सुटलेल्या त्या मुलाचा समूह पुढे टेलिफोनच्या केबली, पाण्याचे पाइप, ऑप्टिकल फायबर असा वाढत गेला. तांब्याच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण चढवायचं म्हणजे ते प्लास्टिक, पीव्हीसी, कुठून तरी विकत घ्यावं लागतं. ते आपणच का करू नये, हा प्रश्न त्यांना रत्नागिरीला घेऊन आला.

इथं भावनेच्या भरात खोटं बोलायला नको. त्यांनी रत्नागिरी निवडली ती कोकणाच्या प्रेमानं नव्हे, समुद्राच्या खोलीसाठी. पीव्हीसीचा कच्चा माल, इथिलीन आणि इथिलीन डायक्लोराइड, जहाजानं येतो. इथिलीन द्रवरूपात ठेवायचं तर उणे 104 अंश सेल्सिअसपर्यंत थंड लागतं. असं जहाज लागू शकेल असा किनारा हवा, धक्का हवा, टाक्या हव्यात. रनपारला ते सगळं उभं राहिलं. जर्मनीच्या उडे कंपनीचं तांत्रिक सहकार्य घेऊन 1994 मध्ये कारखाना सुरू झाला. त्या वेळी कोकण रेल्वे अजून पुरी व्हायची होती. मुंबई ते मंगळूर अखंड गाडी धावली ती 1998 मध्ये. रत्नागिरीचा तरुण एस.टी.नं रात्रभर हेलकावे खात मुंबईला जात होता आणि गाव पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून मनीऑर्डरीवर जगत होतं. अशा वेळी उलट्या दिशेनं कुणीतरी यंत्रं घेऊन आला.

ती पांढरी भुकटी कधी हातात घेऊन बघावी. वास नाही, चव घेण्याची गोष्ट नाही, हलकी आणि कोरडी. तिच्या कणाकणामागे अंगावर काटा आणणारी थंडी आहे आणि तितकीच भाजणारी उष्णता. इथिलीन डायक्लोराइड भट्टीत तापवून फोडायचं, त्यातून व्हिनाइल क्लोराइड नावाचा वायू काढायचा, मग मोठ्या बंद पात्रात दाबाखाली, पाण्यात घुसळत, त्या वायूच्या रेणूंच्या लांब साखळ्या करायच्या. सुकवलं की उरते ही भुकटी. आज रनपारला वर्षाला सुमारे 2 लाख 72 हजार टन करायची क्षमता आहे. ही भुकटी इथून देशभर जाते आणि पाइप होऊन कुणाच्या विहिरीतून कुणाच्या शेतात उतरते. कोकणातला बागाईतदार डोंगरउतारावरच्या कलमांना उन्हाळ्यात पाणी देतो तेव्हा पाइपाच्या पोटातली भुकटी गोळपची की आणखी कुठली हे त्याला ठाऊकही नसतं. करणाऱ्याला असं विसरून जाता यावं, ही उद्योगातली मोठीच पावती म्हणायची.

पण व्हिनाइल क्लोराइड हा कर्करोग करणारा वायू आहे. 1974 पासून जगाला हे ठाऊक आहे. अमेरिकेतल्या कामगारांच्या यकृतांनी ते सिद्ध केलं. म्हणून कारखाना आला तेव्हा रत्नागिरीच्या माणसानं भीती बाळगली त्यात त्याची चूक नव्हती. त्याच सुमाराला, 1993 मध्ये, रत्नागिरीकरांनी स्टरलाइटच्या तांबे प्रकल्पाचं काम आंदोलन करून थांबवलं होतं. तो प्रकल्प तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला, आणि 2018 मध्ये तिथं आंदोलकांवर गोळीबार होऊन 13 माणसं मेली तेव्हा इथल्या पुष्कळ घरांत लोक गप्प झाले होते. एका कारखान्याला नाही म्हणणारा आणि एका कारखान्याला शेजारी म्हणून सहन करणारा जिल्हा एकच. या संमतीचं मोल संस्थापकाला कळत होतं का? माझी समजूत अशी की कळत होतं. पुराव्यादाखल मी शेअरचे कागद दाखवणार नाही, 1996 साल दाखवीन.

कारखाना सुरू होऊन दोन वर्षं होताहेत तोच छाब्रियांनी रत्नागिरीत इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. होप फाउंडेशन ही त्यांची संस्था 1979 ची; तिच्यातर्फे फिनोलेक्स अकादमी ऑफ मॅनेजमेंट अँड टेक्नॉलॉजी मिरजोळ्याला उभी राहिली, मुंबई विद्यापीठाशी संलग्न. पुढे पुण्यात हिंजवडीला आयस्क्वेअरआयटी काढलं, पण ते आयटीच्या भरतीच्या काळातलं, पुण्यातलं. रत्नागिरीचं धाडस वेगळं होतं. इथं प्राध्यापक टिकवणं अवघड, कंपन्या मुलाखतीला यायला नाखूश, आणि पावसाळ्यात घाट बंद. गोळपला पुढे कुटुंबाच्या मुकुल माधव फाउंडेशननं शाळाही काढली. कारखान्याला परवानग्या लागतात, रस्ता लागतो, वीज लागते. कॉलेज लागत नाही. ज्याची गरज नसताना माणूस जे करतो, त्यात त्याचं मन सर्वांत उघडं असतं.

साहेब, तुम्ही त्या कॉलेजच्या आवारात उभे राहून काय पाहत असाल? लांज्याची, राजापूरची, संगमेश्वरची मुलं. कुणाचे वडील मुंबईत गिरणीच्या संपात घरी बसलेले, कुणाची आई आंबोळ्या-पोळ्या विकून फी भरणारी. त्यांच्या वयाचे होता तेव्हा तुम्ही परक्या शहरात दुसऱ्यांच्या घरी राबत होता. तुमच्या हातात पुस्तक पडलं नाही ते यांच्या हातात पडावं, एवढंच का ते होतं? की त्याहून थोडं कठोर, जास्त व्यावहारिक, की आपल्या भट्ट्या सांभाळायला परगावच्या माणसांच्या विनवण्या कशाला, या मातीतलेच तयार करू? दोन्ही असेल. मोठ्या कर्त्या माणसाच्या इच्छेत माया आणि हिशेब इतके गुंतलेले असतात की मागच्यांनी एक धागा ओढला तर दुसरा तुटतो. मला तरी ते दोन्ही एकत्र असण्यात खोट दिसत नाही. निव्वळ मायेनं काढलेल्या कितीतरी संस्था या जिल्ह्यात दात्याबरोबरच संपल्या.

त्यांनी आपलं आत्मचरित्र लिहिलं त्याचं नाव ठेवलं ‘देअर्स नो सच थिंग अ‍ॅज अ सेल्फ-मेड मॅन’. दहा रुपयांचाही भरवसा नसताना पुण्यात उतरलेल्या, शून्यातून समूह उभा केलेल्या माणसानं आयुष्याचं सार काढताना म्हटलं की स्वतःला स्वतः घडवलेला माणूस असा नसतोच. दुसऱ्या कुणी हे नाव ठेवलं असतं तर मी विनय म्हणून सोडून दिलं असतं. त्यांच्या तोंडी मला ते मृत्युपत्राइतकं वजनदार वाटतं. मी कुणाकुणामुळे घडलो हे ज्याला नेमकं ठाऊक आहे, तो आपण केलेलं एकट्या कुणाच्या मालकीचं कसं मानेल? मग मालकी कुणाची, याचं उत्तर कायद्यानं द्यायचं असेल ते देवो; पण ऋण कुणाचं, याचं उत्तर त्यांनी मुखपृष्ठावर देऊन ठेवलंय.

इथंच मला थांबून स्वतःला बजावावं लागतं. गेलेल्या माणसाच्या नावानं आपलीच इच्छा बोलायची चटक फार लवकर लागते. वारस ते करतात, व्यवस्थापन करतं, कामगार करतात, आणि आता मीही करतोय. साहेब असते तर असं झालं नसतं, हे वाक्य रत्नागिरीत पगारवाढीच्या वेळी ऐकू येतं, कंत्राटी भरतीच्या वेळी ऐकू येतं, कॉलेजच्या प्रवेशाच्या जागा रिकाम्या राहिल्या की ऐकू येतं. साहेब असते तर कदाचित तसंच झालं असतं. ते उद्योजक होते, संत नव्हते; बाजार मंदावला की त्यांनीही कात्री लावली असती. त्यांना देव्हाऱ्यात बसवलं की त्यांच्यापासून शिकायचं काही उरत नाही.

याच जिल्ह्यात खेड तालुक्यात, लोटे परशुरामला, डॉ. केकी घरडा यांनी रसायनांचा कारखाना उभारला आणि शेजारी लवेलला त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज उभं राहिलं. तेही 2024 मध्ये गेले, नव्वदी ओलांडून. एक सिंधी, एक पारशी. दोघेही कोकणी नव्हेत, दोघांनीही रसायनांवर पैसा केला, आणि दोघांनीही त्यातला काही या जांभ्या दगडाच्या जमिनीत शिक्षण म्हणून परत पेरला. कोकणातला पैसेवाला मात्र गावी आला की देवळाचा जीर्णोद्धार करतो, मोठं घर बांधतो आणि गणपतीपुरतं ते उघडतो. हे लिहिताना वाईट वाटतं, पण खरं आहे.

नेतृत्वाचा वारसा म्हणतात तो शेअरच्या टक्क्यांत मोजता येईल, आणि न्यायालयांना तो तसाच मोजावा लागेल. मला तो वेगळ्या ठिकाणी दिसतो. 1994 मध्ये नुकतंच आयटीआय करून लागलेला पंचविशीतला मुलगा आज पन्नाशी ओलांडून निवृत्तीच्या उंबऱ्यावर आहे. दाब किती वाढला की व्हॉल्व्ह उघडायचा, वायूची गळती झाली तर कुठल्या दिशेच्या वाडीला आधी कळवायचं, वादळात जहाज धक्क्यावरून कधी सोडायचं, हे त्याच्या हाताला कळतं. साहेब पहिल्यांदा प्लांटवर फिरले तेव्हा त्यांनी कुणाला काय विचारलं, कशावर रागावले, कशावर खूश झाले, हेही त्यालाच आठवतं. साहेबांच्या मनात काय होतं याचा साक्षीदार तो आहे, आणि त्याला अजून कुठल्याही न्यायालयानं बोलावलेलं नाही.

म्हणून मिरजोळ्याच्या कॉलेजातल्या मुलांना आणि त्यांच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या पावसाळ्यात, वर्ग मोकळे असतील तेव्हा, मोबाइलवर आवाज मुद्रित करायची सोय घेऊन गोळप, फणसोप, पावसच्या घरांमध्ये जा. पहिल्या फळीतले ऑपरेटर, फिटर, जेट्टीवरचे लोक, सुरक्षारक्षक, कँटीन चालवणाऱ्या बायका, आणि कारखान्याला विरोध केलेले मच्छीमार व बागाईतदारही, सगळ्यांना बोलतं करा. चांगलं तेवढंच नको, तक्रारीही लिहून घ्या. ती नोंद कॉलेजच्या ग्रंथालयात ठेवा, जिथं कुणालाही वाचता येईल. पहिल्या फळीतले काही जण निवृत्त झालेत, आणि उरलेले पुढच्या चार-पाच वर्षांत होतील.