पॉइंट, पडदा आणि अम्मीचे गुडघे

विमानाचे पॉइंट ही गोष्ट आमच्या येवल्यात फारशी कुणाच्या बोलण्यात नसते. इथं बोलणं रेशमाच्या भावाचं, जरीचं, पैठणीच्या पदराचं आणि संक्रांत जवळ आली की पतंगांचं. पण ज्या घरातला एखादा मुलगा आखातात आहे, त्या घरात पॉइंट हळूच शिरतात. आमच्याकडे ते भाच्यानं आणले.

भाचा दम्मामला नोकरीला. कंपनी कामासाठी त्याला इकडंतिकडं पाठवते, तिकीट कंपनीचं, पॉइंट मात्र याच्या नावावर. असे त्याच्याकडे ४८,००० साठले होते आणि काही महिन्यांत त्यांची मुदत संपणार होती. अम्मीचा उमराह ठरला तेव्हा त्याचा फोन आला, "मामू, नानीला साध्या सीटवर बसवू नका. माझे पॉइंट लावा, बिझनेस क्लास करून घ्या."

अम्मीनं चाळीस वर्षं अब्बांच्या मागासाठी कांड्या भरल्या. जमिनीवर बसून, एक पाय दुमडून. ते गुडघे आता जिना बघूनच कण्हतात. येवल्याहून मुंबईपर्यंतच सहा तास, पुढं जेद्दाहपर्यंत विमानात पाच तासांहून अधिक. पाय लांब करायला मिळाले तर तिला हरमपर्यंत थोडं बळ उरेल, एवढाच आमचा हिशेब होता.

तरी मनात एक कुसळ होतंच. जिथं राजा आणि हमाल दोघांनी सारख्याच दोन पांढऱ्या चादरी गुंडाळायच्या, तिथं जाताना मध्ये पडदा ओढून पुढं बसायचं? मग आजोबांची गोष्ट आठवली. ते मुघल लाइनच्या जहाजानं हजला गेले होते, डेकवर, स्वतःची वळकटी पसरून. केबिनवाले वेगळे, डेकवाले वेगळे, हे तेव्हाही होतं. १९९५ नंतर हजची जहाजं बंद झाली. वर्ग मात्र जहाजातून उतरून विमानात चढले. मौलानांना विचारलं. ते म्हणाले, पॉइंट ही कंपनीनं दिलेली भेट समजा, आणि दुखणाईत माणसाच्या आरामात गुनाह कसला?

मन मोकळं झालं आणि आम्ही कामाला लागलो. तेव्हा कळलं की खरी गाठ पुढंच आहे.

पॉइंटची ही रीत अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१च्या मे महिन्यात मोठ्या प्रमाणावर सुरू केली. पुढं कंपन्यांनी आपसांत जूट बांधली. १९९७ साली स्टार अलायन्स आली, मग वनवर्ल्ड, मग स्कायटीम. सौदिया २०१२ साली स्कायटीममध्ये गेली, एअर इंडिया २०१४ साली स्टारमध्ये. एका जुटीतल्या कंपनीचे पॉइंट दुसरीच्या विमानात चालतात, असं ऐकायला मिळतं. चालतात, पण 'वरच्या वर्गात बसवा' म्हटलं की पाय आखडतात. तिकिटावर भाड्याचं एक अक्षर असतं. वरचा वर्ग मागायचा तर ते अक्षर साध्या वर्गातल्या सगळ्यात महागड्या भाड्याचं लागतं. बहुतेक ठिकाणी वाय नाहीतर बी. स्वस्त अक्षरांना मनाई. वर ज्या कंपनीचं विमान, तिनं ती सीट पॉइंटवाल्यांसाठी मोकळी सोडलेली हवी. आमची तिकिटं तर एजंटानं जथ्याच्या भावात घेतलेली. तसल्या तिकिटाला वरचा वर्ग नाही आणि नवे पॉइंटही जवळजवळ मिळत नाहीत.

म्हणजे अम्मीचं तिकीट रद्द करून महागडं घ्यायचं, मग त्यावर पॉइंट ओतायचे, आणि तरीही सीट मिळेलच असं नाही. दोन तिकिटांतला फरक कागदावर मांडला तेव्हा अम्मी चष्मा लावून बघत होती. म्हणाली, "एवढ्यात तर शमीची पण सोय होईल."

शमी म्हणजे आमची खाला. विधवा, मालेगावात मुलाकडे राहते. तिच्या मुलाचा यंत्रमाग कधी चालू, कधी बंद.

भाच्याला पुन्हा फोन केला. त्यानं शोधून काढलं की त्याच पॉइंटवर, त्याच जोडीदार कंपनीच्या त्याच विमानात, साध्या वर्गाचं अख्खं तिकीट निघतं. कर तेवढे रोख भरायचे. वरच्या वर्गासाठी नकार आणि अख्ख्या तिकिटाला होकार, हा व्यवहार आम्हाला अजून उमगलेला नाही. भाचा मात्र थोडा हिरमुसला. त्याला नानी पुढच्या रुंद खुर्चीत बसलेली बघायची होती, तिचा फोटो हवा होता. त्याला म्हटलं, पॉइंट उरी कवटाळून बसू नये. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला थांबली तेव्हा लोकांच्या खात्यात पॉइंट होते आणि उडायला तिचं विमान नव्हतं.

मुंबईच्या विमानतळावर व्हीलचेअर आधीच सांगून ठेवली होती. तिला पैसे लागले नाहीत. विमानात दोघी बहिणी शेजारी. खाला कडेच्या सीटवर, कारण तिला सारखं उठायचं होतं. त्या निमित्तानं अम्मीही उठायची, चार पावलं चालायची. एवढ्या तासांत दोघींनी लहानपणाच्या कितीतरी भांडणांचा निकाल लावला. मीकात जवळ आल्याची सूचना झाली तेव्हा पुढचा पडदा ओढलेला होता. लब्बैक दोन्हीकडून ऐकू आलं.

गुडघे दुखलेच. जेद्दाहला उतरल्यावर अम्मी दहा मिनिटं उभी राहू शकली नाही. खाला तिचे पाय दाबत बसली.

भाच्याच्या खात्यात पुन्हा पॉइंट साठू लागलेत. पुढच्या खेपेला कुणाचं तिकीट काढायचं यावर घरात आत्तापासूनच दोन पक्ष आहेत.