इलाज संपल्यानंतरचा थकवा

शेवटचं रेडिएशन घेऊन जऊळक्याच्या स्टेशनवर उतरले, तेव्हा खाला न्यायला आली होती. गळ्यात पडून म्हणाली, "छूट गयी बेटा." मलाही तसंच वाटत होतं. केस परत येतील, शाळा सुरू होईल, घर पूर्वीसारखं चालेल.

केस आले. शाळाही सुरू झाली. पण तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात अर्ध्या ओळीत थांबायचा. मुलं समजायची, मॅडम विसरल्या. मी विसरलेली नसायचे, हात वर धरून ठेवणंच जमायचं नाही. नऊ तास झोपूनही सकाळी उठताना सोयाबीनचं पोतं पाठीवर असल्यासारखं वाटायचं. शेतात राबून आलेला माणूस झोपला की ताजा होतो. हा थकवा झोपेला दादच देत नाही.

घरात कोणी टोचून बोललं नाही, पण "अब तो ठीक है ना?" हा प्रश्न रोज यायचा. तपासणीत डॉक्टरांनी कागद चाळले आणि म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे, विसरून जा आता." मग दोष कुणाला द्यायचा? मी स्वतःलाच दिला. अल्लाहने जीव वाचवला आणि मला फजरला उठायचा कंटाळा येतो! आळशी आणि वर नाशुक्री. आजारापेक्षा या विचाराने मला जास्त खाल्लं.

पुढच्या फेरीत तिथल्या एका नर्सबाईने बसवून घेतलं. म्हणाल्या, हा आळस नाही. कॅन्सरच्या उपचारानंतर पुष्कळांना असा थकवा येतो, काहींना महिनोन्महिने राहतो, काहींना वर्षंही. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, दुखणं आणि मनाची उदासी बघून घ्यायची, कारण यातलं काही निघालं तर त्यावर औषध आहे. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं. गोळ्यांनी थोडा फरक पडला. उरलेल्या थकव्यासाठी त्या म्हणाल्या, "रोज चाला." मला हसू आलं. थकलेल्या माणसाला चालायला सांगता? पण पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले पडतात आणि मग थोड्या कामानेही जास्त दम लागतो, हे त्यांनी समजावलं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं चालले, गल्लीच्या टोकापर्यंत. दोन महिन्यांनी स्टेशनपर्यंत जाऊन परत येऊ लागले.

दुसरी गोष्ट श्वासाची. त्यांनी प्राणायाम आणि हलकी आसनं सुचवली, आणि आमच्या घरात चर्चा सुरू झाली. "योगा? अपने घर में?" जेठांनी विचारलं. राग नव्हता, काळजी होती. मी म्हटलं, भाईजान, मला मंत्र म्हणायला कोणी सांगितलेलं नाही. पाठीवर पडून श्वास सावकाश आत घ्यायचा, त्याहून सावकाश सोडायचा, आणि लक्ष पायाच्या बोटांपासून डोक्यापर्यंत फिरवायचं. जिथे अंग आवळलेलं असेल तिथे सैल सोडायचं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "फिर ठीक है." आता त्यांचे गुडघे दुखतात तेव्हा तेच विचारतात, कसं करायचं ते दाखव.

वाचायची सवय असल्यामुळे मी शोधत गेले. मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० बायकांवर योगाचा अभ्यास केला. अवघड आसनं नाहीत. हलकी आसनं, मध्ये मध्ये विश्रांती आणि प्राणायाम. त्याचे निष्कर्ष डॉ. नीता नायर यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत मांडले. लक्ष देऊन शांत बसण्याची पद्धत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या दवाखान्यात दुखण्याला कंटाळलेल्या रुग्णांसाठी बसवली होती. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने या थकव्यासाठी व्यायाम, विचारांची सवय बदलणारं समुपदेशन आणि अशी ध्यानपद्धत यांची शिफारस केली. उपचार संपल्यावर योगही सुचवता येतो असं म्हटलं. कॅन्सर यानेच बरा होतो, असं यातलं कोणी म्हणत नाही. तसं सांगणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा. केमो सोडून काढ्याच्या मागे लागलेली माणसं आपल्याकडे कमी नाहीत.

सगळ्यात अवघड गेली ती खुर्ची. नमाज खुर्चीवर बसून पढायला मी कित्येक महिने तयार नव्हते. चाळिशीतली बाई, सगळ्यांसमोर खुर्चीवर? उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, ही सवलत मी स्वतः मुलांना शिकवते. दुसऱ्यासाठी रुख्सत, स्वतःसाठी नाही, असा हा अहंकार होता. एका जुम्म्याला सजद्यातून उठता येईना. मुलीने हात दिला आणि काही न बोलता खुर्ची आणून ठेवली.

त्यानंतर मी वहीच्या मागच्या पानावर दिवसाचं वेळापत्रक लिहू लागले. ताकद सकाळी असते, म्हणून अवघड धडा पहिल्या तासाला. पोळ्या मुलगा लाटतो, नकाशासारख्या लाटतो. दुपारी वीस मिनिटं आडवी होते, जास्त नाही. काही दिवस तरीही वाईट जातात. परवाच तिसऱ्या तासाला हात थांबला. मी खडू सातवीतल्या एका मुलीच्या हातात दिला, खुर्चीवर बसले आणि उरलेली ओळ तोंडी सांगितली.