सिंको मिनुतोस

1
झाशी स्टेशनाबाहेर ओरछा-खजुराहोच्या गाड्या उभ्या असतात. दिल्लीहून गतिमान एक्सप्रेस आली की परदेशी पाहुणे उतरतात, त्यांत स्पॅनिश बोलणारेही असतात. एका ड्रायव्हरचा शब्दसंग्रह असा: ओला, ग्रासियास, सिंको मिनुतोस, मान्याना आ लास ओचो. म्हणजे नमस्कार, आभार, पाच मिनिटं, उद्या आठला. क्रियापद एकही नाही. धंदा व्यवस्थित चालतो.

2
स्पॅनिश शिकायला मीही वेळेपासूनच सुरुवात केली. ओय आज, आयेर काल, मान्याना उद्या. ओरा तास, दीआ दिवस, मेस महिना, आन्यो वर्ष. 'माझं नाव अमुक' नंतर बघू. नाव कुणी विचारत नाही, गाडी किती वाजता हे सगळे विचारतात.

3
एस ला उना: एक वाजला.
सोन लास दोस: दोन वाजले.
एकाला एकवचन, दोनपासून अनेकवचन. दीडला? एस ला उना इ मेदिआ. पुन्हा एकवचन, आपल्या 'दीड वाजला'सारखंच. इंग्रजी पुस्तकात याला अख्खी चौकट दिली आहे. मी पान उलटलं.

4
पावणेचार म्हणजे लास क्वात्रो मेनोस क्वार्तो, चारात पाव कमी. इथवर ठीक. पण दीड आणि अडीच यांना त्यांच्याकडे वेगळे शब्दच नाहीत. 'एक आणि अर्धा', 'दोन आणि अर्धा' असं म्हणत बसतात. एवढं मोठं साम्राज्य चालवलं, अडीचवाचून.

5
मेक्सिकोत आओरिता म्हणजे 'आत्ता'. व्यवहारात पुढच्या मिनिटापासून ते कधीच नाही, यांतलं काहीही.
झाशीतला प्लंबर: 'बस, अभी आया.'

6
आत्या फोनवर: 'परवा येऊन गेले ते लोक, की परवा येणार आहेत?'
आमच्या घरातल्या मराठीत तीन पिढ्यांची हिंदी मुरली आहे. हिंदीच्या 'कल'ला मागचं-पुढचं कळत नाही. मराठीनं काल आणि उद्या वेगळे केले आणि परवापाशी हात टेकले. स्पॅनिशमध्ये गेलेला परवा आन्तेआयेर, येणारा पासादो मान्याना. आत्याला सांगितलं. म्हणाली, 'मग चहा कधी टाकू ते सांग.'

7
मान्याना म्हणजे उद्या आणि मान्याना म्हणजे सकाळही. उद्या सकाळी: मान्याना पोर ला मान्याना. 'कल' ज्या संस्कृत 'कल्य'वरून आला, त्याचाही अर्थ पहाट.

8
झाशी साधारण साडेअठ्ठ्याहत्तर रेखांशावर. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशीची. म्हणजे घड्याळात बारा वाजतात तेव्हा इथला सूर्य सुमारे 16 मिनिटं मागे असतो.
माद्रिदचं जास्त गमतीचं. शहर ग्रिनिचच्या पश्चिमेला, पण 1940 साली फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे नेऊन मध्य युरोपच्या वेळेला जोडली. ती परत मागे आलीच नाहीत. हिवाळ्यात तिथला सूर्य घड्याळामागे तासाहून जास्त रेंगाळतो, उन्हाळी वेळ लागू झाली की दोन तासांहून जास्त. स्पॅनिश लोक उशिरा जेवतात म्हणून आपण हसतो. सूर्याला विचारलं तर तो म्हणेल, फारसा उशीर नाही.

9
आपल्यात नि स्पेनमध्ये हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. पाहुण्यांना घरी फोन करायचा असला की ड्रायव्हर बोटांवर मोजून देतो. पावकी-निमकीचे पाढे पाठ केलेली पिढी नव्हे ही, तरी चुकत नाही.

10
सिएस्ता, म्हणजे दुपारची झोप, हा शब्द 'सहावा तास' यावरून आला. सूर्योदयापासून सहावा.
दुपार म्हणजे दोन प्रहर. प्रहर तीन तासांचा.
प्रवासवर्णन लिहिणारे गोडसे भटजी 1858 च्या वेढ्यात इथेच, झाशीत होते. तेव्हाची वेळ घटकांची आणि प्रहरांची. त्यांना सिएस्ता समजवायला अर्धी घटकाही लागली नसती. घटका 24 मिनिटांची.

11
सेमाना मूळ लॅटिन 'सात'चा. तरी आठवड्यानं भेटू म्हणताना स्पॅनिश माणूस 'आठ दिवसांत' म्हणतो, आणि दोन आठवड्यांना किन्से दीआस. पंधरा दिवस.
आठवडा सातच दिवसांचा. पंधरवड्यात चौदा. हिशेबनीसानं दोन्ही देशांत गप्प बसावं.

12
मध्यरात्रीनंतर उजाडेपर्यंतचा वेळ: मादरुगादा. रात्रीचे दोन आणि पहाटेचे चार एकाच पोत्यात.
रेल्वेला हा शब्द हवा होता. 00:20 च्या गाडीचं तिकीट काढून एक कुटुंब बरोबर चोवीस तास उशिरा, सामान, डबे, पाण्याची सुरई, सगळं घेऊन फलाटावर. तारीख त्यांच्या लेखी आजची, रेल्वेच्या लेखी कालची. टीसीनं समजावलं. आजोबांनी टीसीला समजावलं.

13
लुनेस, मार्तेस, मिएर्कोलेस, खुएवेस, विएर्नेस. चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र. ओळीनं आपलेच. शनिवार-रविवारी मात्र ग्रह संपतात आणि धर्म सुरू होतो: साबादो हा साबाथवरून, दोमिंगो देवाचा वार.
गोव्यात पोर्तुगीज साडेचारशे वर्षं होते. पोर्तुगीजमध्ये सोमवार म्हणजे 'दुसरा', मंगळवार 'तिसरा'. कोकणीनं त्याकडे लक्ष दिलं नाही. सोमार, मंगळार चालूच.

14
झाशीत मंगळवारी न्हाव्याचं दुकान बंद.
स्पेनमध्ये मंगळवारी लग्न करू नये, जहाजावर चढू नये. अशुभ तेरा तारीख शुक्रवारची नव्हे, मंगळवारची. झाशीला बंदर नाही, तेवढी निम्मी काळजी कमी.